५४ किलोच्या माणसाला शुगर कशी होते? पुण्याजवळच्या सहा गावांची गोष्ट

मित्रहो, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा. (बिनसाखरेचा असेल तर तुम्हाला ही जास्तच कळेल.)

मला साखर निघाली तेव्हा मी ४३ वर्षांचा होतो आणि वजन ५४ किलो. त्याच्या दोन वर्षं आधी पायाला मुंग्या येतात, रात्री चारदा उठावं लागतं म्हणून मी एका डॉक्टरांकडे गेलो होतो. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि हसले. म्हणाले, "सर, तुमच्या अंगावर मांस नाही, तुम्हाला कसली शुगर?" टॉनिक लिहून दिलं. गोड टॉनिक! ती दोन वर्षं फुकट गेली आणि डाव्या पायाची बधिरता अजून आहे. डॉक्टरांवर माझा राग नाही. मधुमेह म्हणजे पोट सुटलेल्या, गादीवर बसणाऱ्या शेठजीचा आजार, हेच आपण सगळे लहानपणापासून ऐकत आलो. पुस्तकंही परदेशी शरीरं पाहून लिहिलेली.

मग मी वाचायला लागलो. वाचता वाचता जी गोष्ट सापडली ती आपल्याच महाराष्ट्रातली निघाली, आणि ती हिंगोलीत कुणाला सांगितली तर नवीच वाटते.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमध्ये डॉ. चित्तरंजन याज्ञिक नावाचे मधुमेहतज्ज्ञ आहेत. ऑक्सफर्डला काम करून ते पुण्यात परतले आणि तिथे त्यांनी मधुमेह विभाग उभा केला. पेशंट तपासताना त्यांना पुस्तकातला जाडा मधुमेही फारसा भेटेना. तरुण, सडपातळ, हातपाय काटकुळे, पण पोटाशी थोडी चरबी, असेच लोक जास्त येत. त्याच सुमारास इंग्लंडमधले डेव्हिड बार्कर म्हणत होते की मोठेपणीचे आजार आईच्या पोटातच सुरू होतात. पुण्याच्या चमूने मग केईएममध्येच जन्मलेली चार वर्षांची मुलं बोलावली. जन्मनोंदीशी त्यांची रक्तसाखर ताडून पाहिली. ज्यांचं जन्मवजन कमी होतं, त्यांच्यात ग्लुकोज पाजल्यावर साखर आणि इन्शुलिन जास्त चढत होतं. चार वर्षांची लेकरं! हा शोधनिबंध १९९५ चा.

पण खरं काम १९९३ ला सुरू झालं होतं. पुण्यापासून ४०-५० किलोमीटरवरची सहा गावं. शेती पावसावरची, म्हणजे आपल्यासारखीच. गर्भ राहण्याआधीपासून बाईची नोंद ठेवायची असं ठरलं. जवळपास अडीच हजार लग्न झालेल्या बायका तयार झाल्या. कर्मचारी दर महिन्याला घरी जाऊन पाळीची तारीख विचारत. पाळी चुकली की सोनोग्राफी. गरोदरपणात दोनदा खाण्याची बारीक नोंद, विहिरीवरून पाणी किती आणलं, शेतात किती राबली याचीही नोंद. बाळ झालं की ७२ तासांच्या आत माणूस घरी हजर. वजन, लांबी, डोक्याचा घेर, आणि पाठीवरच्या कातडीची घडी चिमट्यासारख्या यंत्रात धरून चरबीचं माप.

आता विचार करा. १९९३ साल, खेडेगाव, सासू दारात, आणि अनोळखी बाई येऊन सुनेला पाळीची तारीख विचारते. दर महिन्याला. आपल्या गावात किती घरांनी हे चालू दिलं असतं? त्या बायकांची नावं कुठल्याही शोधनिबंधावर नाहीत, नसावीतही. पण जगभरातली मधुमेहाची पाठ्यपुस्तकं बदलली ती त्यांच्या उत्तरांवर.

आकडे बघा. गरोदरपणाआधी या बायांचं सरासरी वजन सुमारे ४२ किलो, उंची १५२ सेंटीमीटर. पोटात बाळ असताना खाणं दिवसाला १८०० कॅलरीच्या आसपास, आणि काम थांबलेलं नाही. जन्मलेल्या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो. तुलनेसाठी इंग्लंडमधल्या साउदम्पटनची बाळं घेतली, ती ३.५ किलोची. पुण्याची बाळं सगळीकडून लहान होती. पोटाचा घेर कमी, दंड बारीक. पण पाठीवरची चरबी? ती मात्र त्या मानाने जवळजवळ राखलेली. म्हणजे बाळ उपाशी राहिलं तेव्हा शरीराने मांस सोडलं आणि चरबी धरून ठेवली. नाळेच्या रक्ताची लंडनच्या बाळांशी तुलना झाली तेव्हा आपल्या लहान बाळांच्या रक्तात इन्शुलिन उलट जास्त निघालं. २००३ मध्ये या बाळाचं बारसं झालं: 'बारीक पण चरबीदार भारतीय बाळ'.

पुढच्याच वर्षी 'लॅन्सेट' या साप्ताहिकात एक गमतीचा फोटो आला. डॉ. याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे मित्र जॉन युडकिन शेजारीशेजारी उभे. दोघांचं उंची-वजनाचं गुणोत्तर, म्हणजे बीएमआय, अगदी सारखं: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. मी हा फोटो मोबाइलमध्ये ठेवलाय. कुणी मला "तुला कसली शुगर" म्हटलं की दाखवतो.

इथे माझी गोष्ट येते. माझा जन्म फेब्रुवारी १९७३ चा, कळमनुरी तालुक्यातला. तेव्हा आपण परभणी जिल्ह्यात होतो. ७२ चा दुष्काळ कुणाला सांगायची गरज नाही. माय सात महिन्यांची गरोदर असताना खडी फोडायला जात होती. तिला मागच्या दिवाळीत विचारलं, तेव्हा काय खायचीस गं? म्हणाली, "मिलोची भाकर अन् मिरची. कामावर सुकडी मिळायची, ती तुह्या भावाला द्यायचे. दूध कुठून आणावं बापू? जनावरं तर आधीच इकली व्हती."

हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मनांनी अन्न तोडलं होतं. तेव्हा पोटात असलेली माणसं पन्नाशीत आल्यावर तपासली गेली आणि त्यांच्यात ग्लुकोज पचवण्याची ताकद कमी निघाली. निबंध १९९८ चा. आमच्या ७२ च्या पोरांची अशी यादी करून कुणी मराठवाड्यात तपासणी केल्याचं माझ्या वाचनात नाही. तो हॉलंडचा दुष्काळ काही महिन्यांचा होता. आपल्याकडे आजीही उपाशी, पणजीही उपाशी. डॉ. आनंदवर्धन हर्डीकर आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवून पाहिल्या. नंतर दोन पिढ्या पोटभर खायला दिलं तरी बिघाड सुधारला नाही. उंदीर म्हणजे माणूस नाही हे मला कळतं. तरी ते वाचून त्या रात्री झोप आली नाही.

मग प्रश्न पडतो, नुसतं पोट भरलं तर भागतं का? सहा गावांचं उत्तर बारकं पण फार कामाचं आहे. किती कॅलरी खाल्ल्या याचा बाळाच्या आकाराशी फारसा संबंध दिसला नाही. ज्या बायका पालेभाज्या, फळं आणि दूध वारंवार खात होत्या त्यांची बाळं मोठी होती. आणखी एक गोष्ट सापडली. साठ टक्क्यांहून जास्त आयांमध्ये बी-१२ कमी होतं. हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मांस-मासे यांतून येतं, भाजी-भाकरीतून येत नाही. मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा आईचं बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या मुलांचा इन्शुलिनला सगळ्यात जास्त विरोध दिसला. (यावरून कुणी आशाताईंनी दिलेली फॉलिक ॲसिडची गोळी बंद करू नका! ती बाळाच्या मणक्यासाठी लागतेच. सोबत बी-१२ ची चौकशी डॉक्टरांकडे करा, इतकंच.)

आपल्याकडे हे नाजूक आहे. नर्सी नामदेवांचा हा जिल्हा, घरोघरी माळकरी. माझ्या घरातही माळ आहे आणि अंडं घरात येत नाही. पण मग दूध कुठे जातं? डेअरीत जातं. उरलेलं आधी पोरांना, मग पुरुषाच्या चहाला. सून शेवटी जेवते आणि ताकही संपलेलं असतं. हे माळेमुळे झालेलं नाही, हे वाढण्याच्या क्रमामुळे झालंय.

त्या सहा गावांतली मुलं मोठी झाली. अठराव्या वर्षी तपासली तेव्हा जवळजवळ निम्मी अजून कमी वजनाची होती, आणि तरी मुलांमध्ये सुमारे ३७ टक्के आणि मुलींमध्ये १८ टक्के मधुमेहाच्या उंबरठ्यावर. २०१२ पासून त्याच पोरापोरींना बी-१२ ची अगदी छोटी मात्रा देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला. त्या मुली आता आया झाल्यात, आणि अभ्यास तिसऱ्या पिढीत गेलाय.

देशाचं चित्रही पाहा. १९७२ ते ७५ मध्ये आयसीएमआरने पाहणी केली तेव्हा ग्रामीण भागात मधुमेह दीड टक्का होता. २०२३ ला छापलेल्या त्यांच्याच मोठ्या पाहणीत ग्रामीण ८.९ टक्के. मोजायची पद्धत बदलली हे धरूनही हा फरक छोटा नाही. आणि आपण अजून गावातल्या शिबिरात जाड माणसं बघून "या, या, शुगर बघा" म्हणतो.

माझी मुलगी बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा मी एकच हट्ट धरला. ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर बघायची ती चाचणी. सरकारी नियमात ती प्रत्येक गरोदर बाईला आहे, पहिल्या भेटीत आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांत. १४० किंवा वर आली तर उपचार. ती म्हणाली, "पप्पा, मी तर इतकी बारीक आहे." मी तिला तो दोन डॉक्टरांचा फोटो दाखवला.

तिची १५२ आली. वेळेत कळलं. आहार सांभाळून सगळं नीट पार पडलं. नात झाली, २ किलो ६५० ग्रॅम. माय तिला मांडीवर घेऊन म्हणाली, "तू झाला तवा याहून बी बारका व्हतास." तेव्हा वजन केलं नव्हतं कुणी.

आपल्या गावच्या शाळेत येत्या रविवारी सकाळी ८ ते ११ साखर तपासणी ठेवली आहे. उपाशीपोटी या, मोफत आहे. गरोदर लेकीसुनांची नावं आशाताईंकडे द्या, त्यांची तपासणी उपकेंद्रात वेगळी होईल. आणि ५५ किलोच्या आतल्या मंडळींनो, "आम्हाला काय होतंय" म्हणून पारावर बसू नका. यादीत पहिलं नाव माझं आहे.