बेडकाची प्रतिकारशक्ती : मेचनिकॉफ ते सह्याद्री

महाराष्ट्रातील महाविद्यालयांत बेडकाची ओळख दीर्घकाळ विच्छेदनाच्या टेबलापुरती राहिली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०११ व २०१४ मधील निर्देशांनी ती परंपरा संपुष्टात आणली. स्नायू, मज्जा व रक्ताभिसरण शिकवताना हाताशी असलेल्या या प्राण्याने प्रतिकारशास्त्राच्या जडणघडणीत बजावलेली भूमिका मात्र अभ्यासक्रमात क्वचितच आली.

या इतिहासाचा प्रारंभ अँथ्रॅक्सच्या अभ्यासात आहे. रॉबर्ट कॉख यांनी १८७६ मध्ये या रोगाचे जंतू बेडकाच्या शरीरात घातले. काही जंतू पेशींच्या आत दिसले. ते तेथे वाढत आहेत, असे त्यांना वाटले. १८८४ मध्ये एली मेचनिकॉफ यांनी याच दृश्याचा उलट अर्थ लावला. पेशी जंतूंना गिळत होत्या. सामान्य तापमानात बेडकाला अँथ्रॅक्स होत नाही, परंतु त्याला उबेत, सुमारे ३५ अंश सेल्सिअसवर ठेवल्यास तो मरतो, हेही १८८२ च्या सुमारास दिसून आले होते. प्रतिकारशक्ती हा प्राण्याचा स्थिर गुण नसून परिस्थितीवर अवलंबून असणारी प्रक्रिया आहे, हे इतक्या साधेपणाने दाखवणारा दुसरा प्राणी त्या काळी मिळणे कठीण होते. भक्षकपेशी श्रेष्ठ की रक्तद्रव, हा वाद पुढे दोन दशके चालला. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉफ व पॉल एर्लिख या दोघांना विभागून देण्यात आले.

मेचनिकॉफ यांचे ओडेसातील शिष्य वाल्देमार हाफकिन १८९६ मध्ये मुंबईस आले आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी प्लेगची लस स्वतःला टोचून घेतली. मात्र या लसीचे श्रेय बेडकाला देणे अतिशयोक्तीचे ठरेल. उष्णतेने मारलेल्या जंतूंची ही लस पाश्चर यांच्या परंपरेतील होती. गुरूची पेशी-उपपत्ती तिच्यामागे होती, पण गरज तातडीची होती. नाशिकजवळच्या भगूर येथे १८९९ मध्ये दामोदरपंत सावरकर प्लेगने निवर्तले. अशी घरे जिल्ह्यात अनेक होती.

बेडूक या कथेत पुन्हा आला तो त्वचेच्या द्वारे. १९८७ मध्ये मायकेल झॅस्लॉफ यांनी आफ्रिकी झेनोपस बेडकाच्या त्वचेतून मॅगेनिन हे जंतुनाशक पेप्टाइड वेगळे केले. २०१७ मध्ये केरळातील हायड्रोफिलॅक्स बहुविस्तारा या बेडकाच्या त्वचास्रावातून 'उरुमिन' मिळाले. एच-१ गटातील इन्फ्लुएंझा विषाणू ते नष्ट करते. या जातीला नाव मिळाले ते केवळ दोन वर्षे आधी, २०१५ मध्ये, आणि ते देणाऱ्यांत पुण्याच्या आबासाहेब गरवारे महाविद्यालयातील आनंद पाध्ये अग्रणी होते. वर्गीकरणाला दुय्यम मानणाऱ्या प्रयोगशाळांनी ही गोष्ट लक्षात घ्यावयास हवी.

याच अभ्यासकगटाने २०१३ मध्ये उत्तर पश्चिम घाटातील बेडकांत कायट्रिड बुरशीचा संसर्ग नोंदवला. जगात इतरत्र या बुरशीने कित्येक उभयचर जाती नामशेष केल्या आहेत. तिची वाढ साधारण १७ ते २५ अंशांत उत्तम होते, आणि बेडकाची प्रतिकारक्षमताही तापमानाबरोबर बदलते. मेचनिकॉफकालीन उबेतल्या बेडकाचा प्रश्न त्यामुळे येथे नव्या रूपात उभा राहतो. उत्तर घाटातच मोडणाऱ्या त्र्यंबक-इगतपुरीच्या ओढ्यांचे तापमान व बेडकांच्या त्वचेवरील नमुने ऋतूनुसार एकत्र नोंदवण्यास विच्छेदनाची गरज नाही. थर्मामीटर आणि कापसाचा बोळा पुरतो.