पीएचपीतील रिसोर्स : एका तपासणीचा इतिहास

मराठी विकिपीडियावरील यवतमाळ जिल्ह्याचे पान ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालते, ती पीएचपी या भाषेत लिहिलेली आहे. रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९५ मध्ये खुल्या केलेल्या या भाषेत फाइल, डेटाबेसची जोडणी, चित्र अशी साधने प्रोग्रामच्या हाती थेट येत नाहीत. येतो तो त्यांचा निर्देश, म्हणजे हँडल. वणीच्या वा यवतमाळच्या बाजारात कापूस जिनिंगच्या ढिगात जातो आणि शेतकऱ्याच्या हाती काटापट्टी उरते, त्यातलाच हा प्रकार.

तिसऱ्या आवृत्तीत (१९९८) हा निर्देश निव्वळ पूर्णांक असे, त्यामुळे हिशेबातला ५ आणि उघडलेल्या फाइलचा ५ यांत भाषेला फरक करता येत नसे. झीव सुरास्की आणि अँडी गुटमन्स यांच्या झेंड इंजिनावर उभ्या राहिलेल्या चौथ्या आवृत्तीने (२०००) रिसोर्स हा स्वतंत्र प्रकार दिला आणि तो ओळखण्याचे काम इज-रिसोर्स या फंक्शनकडे आले. मात्र फंक्शनच्या पॅरामीटरपुढे ‘रिसोर्स’ असा प्रकार लिहिण्याची सोय कधीच झाली नाही. तसे लिहिले तर इंजिन ते एखाद्या क्लासचे नाव समजते. साहजिकच तपासणीचा सगळा भार इज-रिसोर्सवर पडला, आणि साधन उघडले की नाही हे पाहण्यासाठीही तेच वापरण्याची सवय जडली. वास्तविक अपयश आल्यास फॉल्स हे मूल्य परत येत असे व तेवढे पाहिले तरी भागत होते.

या सवयीची किंमत पुढे मोजावी लागली, कारण भाषेने एकेका रिसोर्सच्या जागी ऑब्जेक्ट आणायला सुरुवात केली. जीएमपीच्या मोठ्या संख्या ५.६ मध्ये (२०१४) आणि हॅशचे संदर्भ ७.२ मध्ये (२०१७) आधीच ऑब्जेक्ट झाले होते. पण २६ नोव्हेंबर २०२० रोजी आलेल्या ८.० आवृत्तीत कर्ल-इनिट हे वेब-विनंतीसाठी रोजच्या वापरातले फंक्शन कर्लहँडल क्लासचा ऑब्जेक्ट देऊ लागले. हँडल व्यवस्थित मिळूनही इज-रिसोर्स ‘नाही’ असेच सांगू लागले, इंजिनाने कोणतीही सूचना दिली नाही, आणि जुना प्रोग्राम निमूटपणे अपयशाच्या वाटेने गेला. बदल मात्र योग्यच होता, कारण कर्लहँडल हे नाव पॅरामीटरपुढे लिहिता येते आणि भलतीच वस्तू दारातच अडते. २०२१ च्या ८.१ मध्ये एफटीपी, एलडॅप व पोस्टग्रेस यांच्या जोडण्याही ऑब्जेक्ट झाल्या.

फाइल उघडणारे एफ-ओपन ८.४ मध्येही (२०२४) रिसोर्सच देते. त्यामुळे दोन्ही प्रकारांना लागू पडणारी तपासणी एकच, ती म्हणजे फॉल्सशी काटेकोर तुलना.