वकिलांना बांधणारे कलम

कोर्टाबाहेर घटस्फोट मिटवण्याच्या वाटा पुष्कळ आहेत. मध्यस्थ नेमतात, नातेवाईक बैठक बसवतात, दोघांचेही भले चिंतणारा एखादा मामा शब्द टाकतो. ‘सहयोगी घटस्फोट’ या नावाने अमेरिकेत रुजलेली पद्धत या सगळ्यांहून निराळी ठरते ती एका कलमामुळे. हे कलम नवरा-बायकोला बांधत नाही, वकिलांना बांधते. दोन्हीकडचे वकील सुरुवातीलाच लेखी कबूल करतात की आम्ही फक्त तडजोडीपुरते आहोत. बोलणी फिसकटली आणि दोघांपैकी कुणीही कोर्टाची पायरी चढले, तर आम्ही दोघेही या प्रकरणातून बाहेर. अशिलांनी नवे वकील करायचे आणि सगळी कहाणी पुन्हा पहिल्यापासून सांगायची.

ज्याचा मेहनताना तारखांवर वाढतो, त्यानेच तारखांवर पाणी सोडण्याचे लिहून द्यायचे. हे सुचायला वकील बराच वैतागलेला असावा लागतो.

तो वैताग समजून घ्यायचा तर थोडे मागे जावे लागते. एकेकाळी अमेरिकेत बहुतेक ठिकाणी घटस्फोट हवा असेल तर जोडीदाराचा दोष सिद्ध करणे भाग असे. न्यूयॉर्क राज्यात व्यवहारतः व्यभिचार हेच एक कारण चालायचे. मग दोघांना गुण्यागोविंदाने वेगळे व्हायचे असले तरी हॉटेलच्या खोलीत भाड्याने आणलेली बाई, ऐन वेळी दार उघडणारा फोटोग्राफर आणि कोर्टात शपथेवर साक्ष असे नाटक वठवावे लागे. न्यायाधीशांना ते कळत नसे असे नाही. ज्यांच्याकडे पैसे असत ते नेवाडातल्या रीनो गावी जात. 1931 मध्ये नेवाडाने रहिवासाची अट सहा आठवड्यांवर आणली आणि घटस्फोट हा त्या गावाचा धंदाच झाला.

1969 मध्ये कॅलिफोर्नियाने दोष सिद्ध करण्याची गरजच काढून टाकली. त्या कायद्यावर गव्हर्नर रोनाल्ड रेगन यांनी सही केली. त्यांचा स्वतःचा पहिला विवाह घटस्फोटाने संपलेला होता. 1 जानेवारी 1970 पासून कायदा लागू झाला आणि पुढच्या काही वर्षांत बहुतेक राज्ये त्याच वाटेने गेली. न्यूयॉर्कला मात्र त्यासाठी 2010 साल उजाडावे लागले.

भांडण यामुळे संपेल ही आशा भाबडी होती. दोष गेला, पण घर कुणाचे, निवृत्तिवेतनातला वाटा किती, मुले कुणाकडे आणि पोटगी किती वर्षे हे प्रश्न जिथल्या तिथे राहिले. ते सोडवायची यंत्रणाही जुनीच होती: दावा, जबाब, प्रतिज्ञापत्र, उलटतपासणी. दिवाणी कज्ज्यासाठी घडलेली ही यंत्रणा आता मुलांच्या शनिवार-रविवारवर चालू लागली. आधी हॉटेलातले फोटो जमवायचे, आता आई बेजबाबदार असल्याचे दाखले जमवू लागले. माझ्या मते पहिले नाटक निदान दोघांच्या संगनमताने तरी होई.

यावर पहिला उपाय अटलांटात निघाला. ओ. जे. कूगलर हे वकील आणि मानसोपचारक होते, आणि स्वतःच्या कटू घटस्फोटातून गेले होते. 1970 च्या दशकाच्या मध्यावर त्यांनी घटस्फोटासाठी मध्यस्थीची रीतसर पद्धत बसवली आणि 1978 मध्ये तिच्यावर पुस्तक लिहिले. मध्यस्थी पसरली, पण तिच्यात एक अडचण होती. मध्यस्थ तटस्थ असतो, कुणा एकाला सल्ला देणे हे त्याचे काम नव्हे. ज्या घरात पैशांचे सगळे कागद नवऱ्याच्याच कपाटात असतात, तिथली बायको मध्यस्थाच्या खोलीत एकटी बसते. तिला काय मागायचे हेच ठाऊक नसते आणि ते सांगायला कुणी नसते. म्हणजे वकील आणला की युद्ध, आणि वकील बाहेर ठेवला की दुबळ्या बाजूचे नुकसान.

स्टुअर्ट वेब हे मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसचे कुटुंबकायद्याचे वकील. वर्षानुवर्षे घटस्फोट लढवून ते थकले होते. वकिली सोडून मानसशास्त्राकडे वळावे का, इथवर विचार गेला होता. त्यांच्या लक्षात एक गोष्ट येत होती: कधी कधी दोन्ही अशील आणि दोन्ही वकील अशी चौघांची बैठक अनपेक्षितपणे जमून येते. सगळे मोकळे बोलतात, नव्या वाटा सुचतात, वकिलांची हुशारी वार करण्याऐवजी मार्ग काढण्यात खर्च होते. हे योगायोगावर का सोडावे, मुद्दाम का घडवू नये, असे त्यांना वाटू लागले. पण ओळखीच्या वकिलाबरोबर अशी बोलणी करतानाही, प्रकरण एकदा बिनसले की दोघे कोर्टाच्या पवित्र्यात जातात, हेही त्यांनी अनुभवले होते. काल मन मोकळे करून सांगितलेली गोष्ट उद्या उलटतपासणीत येणार, ही भीती असेल तर मन मोकळे करणार कोण?

उत्तर त्या भीतीतच होते. तडजोडीचा वकील कोर्टात जाऊच शकला नाही, तर त्याच्यासमोर बोलायला हरकत नाही. 1 जानेवारी 1990 पासून वेब यांनी स्वतःला सहयोगी वकील म्हणवून घेतले. 14 फेब्रुवारीला त्यांनी मिनेसोटाच्या सर्वोच्च न्यायालयातले न्यायमूर्ती ए. एम. ‘सँडी’ कीथ यांना पत्र लिहून ही कल्पना मांडली. (घटस्फोटाची नवी रीत सुचवायला व्हॅलेंटाइनचा दिवस त्यांनी मुद्दाम निवडला, की तो आपोआप आला, कोण जाणे.) फक्त तडजोडीची कामे घेणाऱ्या वकिलांचा एक छोटा गट असावा आणि प्रकरण कोर्टात गेले की त्यांनी बाजूला व्हावे, असा पत्राचा गाभा. कीथ त्याच वर्षी मुख्य न्यायमूर्ती झाले. त्यांचा पाठिंबा मिळाल्यामुळे एका वकिलाची लहर म्हणून ही कल्पना उडवून लावणे अवघड झाले.

मिनेसोटातली मूळ कृती वकिलांची होती. तिच्यात बाकीची माणसे आली कॅलिफोर्नियात. तिथल्या मानसशास्त्रज्ञ पेगी थॉम्पसन आणि त्यांचे सहकारी 1990 च्या दशकात वेगळ्या बाजूने त्याच जागी येत होते. घटस्फोटातला कायदा हा भाग लहान असतो आणि बाकीचा राग, अपमान आणि धास्ती असते, हे त्यांना रोज दिसत होते. त्यांच्या आराखड्यात प्रत्येक जोडीदाराला एक समुपदेशक मिळतो, मुलांचे म्हणणे ऐकायला बालतज्ज्ञ असतो आणि दोघांचा मिळून एकच तटस्थ हिशेबतज्ज्ञ असतो. या शेवटच्या माणसाची किंमत फार मोठी आहे. कोर्टात दोन बाजूंचे दोन तज्ज्ञ एकाच घराच्या दोन किमती सांगतात आणि दोघांचे पैसे शेवटी त्याच घरातून जातात. सॅन फ्रान्सिस्कोच्या वकील पॉलीन टेस्लर यांनी 2001 मध्ये या वकिलीचे पहिले मोठे पुस्तक लिहिले, आणि वकील व मानसतज्ज्ञ ही दोन टोके जोडली गेली.

काम चालते असे. चौघे करारावर सह्या करतात. उत्पन्न, कर्जे, खाती यांचे कागद कुणी मागण्याची वाट न पाहता टेबलावर ठेवायचे. कोर्टात जाण्याची धमकी द्यायची नाही. मग बैठका होतात, कधी तीन, कधी दहा. शेवटी मसुदा न्यायाधीशापुढे जातो आणि त्याच्या सहीने विवाह संपतो. कोर्ट टळत नाही, कोर्टातली लढाई टळते.

वकिलांच्या जगाला हे कलम पचायला वेळ लागला. फेब्रुवारी 2007 मध्ये कोलोरॅडो बार असोसिएशनच्या नीतिसमितीने ते चक्क अनैतिक ठरवले. वकिलाची निष्ठा अशिलाशी असते. समोरच्या बाजूशी करार करून अशिलाला मध्येच सोडण्याची जबाबदारी तो कशी घेतो, असा त्यांचा सवाल होता. सवाल पोकळ नव्हता. सहा महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, अमेरिकन बार असोसिएशनच्या नीतिसमितीने उलट मत दिले: अशिलाला परिणाम नीट समजावून त्याची संमती घेतली, तर वकिलीची व्याप्ती अशी मर्यादित करता येते. टेक्सासने 2001 मध्येच या पद्धतीला कायद्यात जागा दिली होती. 2009 मध्ये सगळ्या राज्यांसाठी एक नमुना कायदा तयार झाला आणि यूटाने तो सर्वांत आधी स्वीकारला. त्यात वकिलाने घरात मारहाण किंवा दहशत आहे का याची आधी चौकशी करावी, असेही घातले आहे. ते हवेच होते. जिच्यावर हात उगारला जातो, तिला समोर बसवून मोकळे बोल म्हणण्यात अर्थ नाही.

तरी या कलमाची दुसरी धार मला खटकते. बोलणी मोडली की दोघांना नवे वकील करावे लागतात, पण तो खर्च दोघांना सारखा जड जात नाही. ज्याचा खिसा खोल, तो उठून जाण्याची भीती घालू शकतो. दुसरी बाजू त्या भीतीने कमी घेऊन सही करू शकते. कोर्टाची धमकी बंद केली, तरी खुर्ची मागे सरकवण्याचा आवाज कोण बंद करणार?

आपल्याकडे कायद्याने याच प्रश्नाला अगदी उलटे उत्तर शोधले. 1984 च्या कुटुंब न्यायालय कायद्याचे कलम 13 म्हणते की पक्षकाराला वकील देण्याचा हक्क नाही. मिनेसोटाने वकिलाला खोलीत ठेवून कोर्टाचे दार त्याला बंद केले. आपण कोर्ट ठेवून वकिलालाच दाराबाहेर उभे केले. प्रत्यक्षात परवानगी घेऊन वकील आत येतातच. लढाईशिवाय वेगळे होण्याची वाटही आहे: परस्परसंमतीने घटस्फोटाचे कलम 13-ब हिंदू विवाह कायद्यात 1976 मध्ये आले. गोव्यात तर पोर्तुगिजांच्या 1910 च्या कायद्याने ती सोय फार आधी आणली होती. पण संमती जुळेपर्यंत दोन वकिलांनी एकमेकांशी कसे वागायचे, याबद्दल 13-ब काही बोलत नाही. 2023 च्या मध्यस्थी कायद्यात स्थान आहे ते तटस्थ मध्यस्थाला. त्यामुळे भारतात कुणी सहयोगी करार केला, तर त्याचा आधार दोघांच्या सह्यांइतकाच. त्यातून निघालेला मसुदा शेवटी 13-ब च्या अर्जाला जोडून कोर्टात जातो आणि त्या कलमाने घातलेल्या सहा महिन्यांच्या थांब्यापाशी येतो; सर्वोच्च न्यायालयाच्या 2017 च्या अमरदीप सिंग निकालानंतर तो थांबा योग्य प्रकरणी माफ करणे न्यायाधीशांच्या हाती आहे.