चाचणीत उत्तीर्ण, कायद्यात नापास

कल्याणकारी योजनांचा कारभार नव्या संगणकप्रणालीवर न्यायचे ठरले की स्वतंत्र देखरेखीचा विषय सर्वांत शेवटी निघतो, आणि तोही अडथळा म्हणून. पूर्वपक्ष असा: प्रणाली खात्याची, पैसा खात्याचा, चाचण्या तज्ज्ञांनी घेतलेल्या. त्यात तिऱ्हाईत आणून बसवला तर काम रेंगाळेल आणि खर्च वाढेल. शिवाय चूक राहिलीच तर ती वापरात दिसेल, मग दुरुस्त करता येईल. अनुभवी प्रशासकही असेच बोलतात, म्हणून हे म्हणणे ऑस्ट्रेलियातल्या ‘रोबोडेट’ प्रकरणावर घासून पाहिले पाहिजे.

तिथे बेरोजगार भत्ता घेणाऱ्याने दर पंधरवड्याची कमाई कळवायची आणि त्यावर त्या पंधरवड्याचा भत्ता ठरायचा. २०१५ साली नवी रीत आली. कर खात्याकडचा वार्षिक कमाईचा आकडा घ्यायचा, तो २६ पंधरवड्यांत सारखा वाटायचा आणि कळवलेल्या कमाईशी तफावत आली की जादा भत्ता उचलला असे धरायचे. सहा महिने नोकरी करून २६,००० डॉलर मिळवलेला आणि पुढचे सहा महिने बेकार बसलेला माणूस या हिशेबाने वर्षभर दर पंधरवड्याला १,००० डॉलर कमावत होता! पूर्वी शंका आली तर कर्मचारी मालकाकडे चौकशी करत. आता कित्येक वर्षांपूर्वीच्या पगारपावत्या शोधून निर्दोषपणा सिद्ध करण्याचे ओझे नोटीस मिळालेल्या माणसावर आले. याआधी वर्षभरात जेवढी प्रकरणे तपासली जात, तेवढी म्हणजे सुमारे २०,००० पत्रे २०१६ च्या अखेरीस एकेका आठवड्यात जाऊ लागली.

‘संगणक चुकला’ हे यावरचे लोकप्रिय निदान मला साफ अमान्य आहे. संगणकाने भागाकार बिनचूक केला. ‘सांगितले तसे होते का’ एवढेच विचारणाऱ्या चाचणीत ही प्रणाली उत्तीर्णच ठरणार. विचारायला हवे होते ते वेगळेच: जे सांगितले ते कायद्यात बसते का? सरकारच्याच वकिलांनी २०१४ मध्ये, योजना सुरू होण्याआधी, अशी सरासरी काढून येणे ठरवणे कायद्याला धरून नाही असे लेखी कळवले होते. ते मत दप्तरात राहिले आणि योजना पुढे गेली.

‘चूक वापरात दिसेल’ हेही तपासू. ती दिसली. मार्च २०१७ पासून अपील न्यायाधिकरणाचे सदस्य टेरी कार्नी यांनी वेगवेगळ्या प्रकरणांत निकाल दिले की सरासरीवरून येणे सिद्ध होत नाही. पहिल्या पातळीवरचे हे निकाल प्रसिद्ध होत नसत. खात्याने त्यांवर अपील केले असते तर प्रश्न उघड्यावर आला असता, पण अपील केलेच नाही. चूक खात्याला दिसली, नोटिसा घेऊन बसलेल्या लाखो लोकांना मात्र तिचा पत्ता लागला नाही, आणि योजना नोव्हेंबर २०१९ पर्यंत चालू राहिली.

इथे प्रतिपक्षाचा सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ऑस्ट्रेलियात स्वतंत्र लोकपाल होताच की! त्याने एप्रिल २०१७ मध्ये अहवालही दिला. मग देखरेखीने काय साधले? आक्षेप खरा आहे, निष्कर्ष चुकीचा. लोकपालाचा अहवाल पत्रांची भाषा, वापरातल्या अडचणी यांवर बोलला. कायदेशीरपणाच्या मुळाशी गेला नाही. संबंधित खात्यांनी लोकपालाची दिशाभूल केल्याचे कॅथरिन होम्स यांच्या चौकशी आयोगाने जुलै २०२३ मध्ये नोंदवले. यावरून देखरेख निरुपयोगी ठरत नाही. ज्याच्यावर नजर ठेवायची त्याच्याच खुलाशावर विसंबलेली देखरेख निरुपयोगी ठरते. तिऱ्हाइताला मूळ कागद मागता आले पाहिजेत, खात्याबाहेरचे कायदेशीर मत घेता आले पाहिजे आणि निष्कर्ष कुणाच्या परवानगीवाचून छापता आले पाहिजेत. यातले एक जरी कमी असले तरी त्याच्या नावाचा उपयोग ढालीसारखा होतो.

राहिला खर्च. योजनेतून सुमारे १.७ अब्ज डॉलर वाचतील असा सरकारी अंदाज होता. समूहदाव्याच्या तडजोडीत परतावे, रद्द केलेली येणी आणि भरपाई मिळून सुमारे १.८ अब्ज डॉलरवर पाणी सोडावे लागले. आयोगापुढे या योजनेच्या कचाट्यात सापडलेले मुलगे गमावलेल्या आयांनी साक्षी दिल्या, त्यांचा हिशेब कुठल्याही तडजोडीत मावत नाही.

प्रशासनात संगणकाने निर्णय घ्यायचे तर कोणती पथ्ये पाळावीत, हे प्रशासकीय पुनर्विलोकन परिषद या स्वतंत्र सल्लागार संस्थेने तिथे २००४ मध्येच सविस्तर अहवालात सांगून ठेवले होते. काटकसरीच्या नावाखाली ती परिषद २०१५ मध्ये, म्हणजे रोबोडेट सुरू झाले त्याच वर्षी, गुंडाळण्यात आली. होम्स आयोगाच्या शिफारशीनंतर ती २०२४ मध्ये कायद्याने पुन्हा उभी करावी लागली.