पक्षिमंडळांची झोळी

पक्षी पाहायला पैसा लागत नाही असे आपण समजतो, आणि ते बव्हंशी खरेही आहे. एक दुर्बीण, एक पुस्तक आणि पहाटे उठण्याची तयारी एवढे भांडवल पुरते. पण पक्षी राखायचे म्हटले की पैसा लागतो. आणि पैसा लागला की तो कोणाच्या हातून घ्यावा हा प्रश्न दाराशी येऊन बसतो. आज मी जो इतिहास आपल्यापुढे मांडणार आहे तो या प्रश्नाचा आहे. उत्तर अमेरिकेतील गावोगावच्या पक्षिमंडळांनी त्याला शेवटी एक तोड काढली. मे महिन्यातील एका दिवसाची पक्षिगणना, आणि त्या दिवशी नोंदलेल्या प्रत्येक जातीमागे स्नेह्यासोबत्यांनी कबूल केलेले थोडे पैसे, अशी ती तोड आहे. ऐकायला ती सोपी वाटते, पण ती सापडायला नव्वद वर्षे जावी लागली.

आरंभ टोप्यांपासून करावा लागतो. १८८६ साली फ्रँक चॅपमन नावाचा, बँकेत नोकरी करणारा एक तरुण न्यूयॉर्कच्या बाजारपेठेतून दोन दिवस दुपारचा हिंडला आणि त्याने बायकांच्या डोक्यांवरील टोप्या मोजल्या. एकूण टोप्या ७००. त्यांपैकी ५४२ टोप्यांवर पिसे, पंख, किंवा सबंध पक्षीच पेंढा भरून बसवलेला. त्याने ओळखलेल्या जाती ४० होत्या. इतकी विलक्षण पक्षियादी पुन्हा कोणी केली असेल असे मला वाटत नाही. बगळ्याच्या विणीच्या काळात त्याच्या पाठीवर जो तलम तुरा फुटतो त्याला तर सोन्याच्या तोडीचा भाव होता, आणि तो मिळवण्यासाठी घरट्यात पिले असतानाच पक्षी मारावा लागे.

त्याच वर्षी जॉर्ज बर्ड ग्रिनेल या संपादकाने आपल्या साप्ताहिकातून एक संस्था काढली आणि तिला ऑड्युबॉन या जुन्या पक्षिचित्रकाराचे नाव दिले. खाण्याव्यतिरिक्त पक्षी मारणार नाही, अंडी-घरटी लुटणार नाही, पिसे वापरणार नाही, अशी प्रतिज्ञा करणारा तो सभासद. वर्गणी काही नाही. वर्षभरात सभासदांची संख्या चाळीस हजारांच्या आसपास गेली, आणि दोन-तीन वर्षांत संस्था बंद पडली! कारण उघड होते. हजारो लोकांशी पत्रव्यवहार करायचा, पत्रके छापायची, आणि हा सगळा भार एका साप्ताहिकाच्या कचेरीने वाहायचा. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा मागून पैसा फंड उभारला आणि त्यातून तळेगावला १९०८ मध्ये काचेचा कारखाना निघाला. एक पैसा आणि फुकट यांत किती अंतर असते ते या दोन संस्थांच्या कथा शेजारी ठेवल्या म्हणजे कळते.

हा धडा बोस्टनच्या दोन बायकांनी घेतला. १८९६ साली हॅरिएट हेमेनवे आणि तिची नातलग मिना हॉल यांनी शहरातील प्रतिष्ठित घराण्यांची छापील यादी समोर घेतली, कोणत्या बायका पिसांच्या टोप्या घालत असतील त्यांची नावे काढली, आणि त्यांना चहाला बोलावले. त्या चहांतून मॅसॅच्युसेट्सची ऑड्युबॉन संस्था निघाली, आणि ही वर्गणीवर चालली. मग एकेका राज्यात तशा संस्था झाल्या. याच सुमारास वसंत ऋतूही या चळवळीत शिरला. पेन्सिल्वेनियातील ऑइल सिटी या गावी तेथील शाळांचे प्रमुख चार्ल्स बॅबकॉक यांनी ४ मे १८९४ रोजी शाळांतून पहिला ‘पक्षिदिन’ साजरा करवला. गावाच्या नावावरूनच तेथे तेलाच्या विहिरी किती असतील ते दिसते. आणि नेमक्या तशा गावाला पक्ष्यांची आठवण व्हावी हे मला फार अर्थपूर्ण वाटते.

वर्गणीने पत्रके निघाली, पण पहारेकऱ्याचा पगार निघेना. तेव्हा ॲबट थेअर नावाच्या चित्रकाराने १९०० सालापासून श्रीमंतांना पत्रे लिहून लिहून निधी जमवला आणि त्यातून समुद्रपक्ष्यांच्या वसाहतींवर रखवालदार नेमले गेले. फ्लोरिडातील गाय ब्रॅडली हा १९०२ मध्ये असा रखवालदार झाला. पगार दरमहा ३५ डॉलर. ८ जुलै १९०५ रोजी बगळे मारणाऱ्यांना अडवायला तो होडीतून गेला आणि गोळी लागून मेला. त्याच्या विधवेला घर घेऊन देण्यासाठी पुन्हा वर्गणीच गोळा करावी लागली.

आता खरी कसोटी आली. राज्याराज्यांतील संस्थांचा १९०५ मध्ये राष्ट्रीय संघ झाला होता आणि त्याला पैशाची सदैव चणचण होती. १९११ साली बंदुका आणि काडतुसे करणाऱ्या कंपन्यांनी, त्यांत विंचेस्टर ही प्रमुख, संघाला दरसाल २५,००० डॉलर देऊ केले. त्यांचा हिशेब सरळ होता: शिकारीचे पक्षी टिकले तर काडतुसे खपतील. संघाच्या कारभाऱ्यांनी प्रथम देणगी घेण्याचे ठरवले. मग सभासदांत असा गदारोळ उठला की त्यांना ती परत फिरवावी लागली. कारभाऱ्यांना केवळ लोभी म्हणून सोडून देणे मला अन्यायाचे वाटते. एका बाजूला पगारावाचून अडलेले रखवालदार, दुसऱ्या बाजूला एवढी रक्कम; नको म्हणायला छाती लागते. पण देणगीदाराची मर्जी संस्थेच्या तोंडाला कुलूप घालते हे सभासदांनी अचूक ओळखले होते. कंपन्यांनी पुढे त्याच पैशात शिकारी पक्ष्यांच्या रक्षणाची वेगळी संस्था काढली.

पण जे कुलूप बाहेरून लागले नाही ते पुढे आतूनच लागले. लुइझियानातील संघाच्या स्वतःच्या अभयारण्यात मस्करॅट नावाचा, पाणथळीत राहणारा, उंदराच्या जातीचा प्राणी सापळ्यांत धरून त्याच्या कातड्यांचा पैसा तिजोरीत येऊ लागला होता. रोझली एज या न्यूयॉर्कमधील बाईने १९२९ मध्ये संघाच्या वार्षिक सभेत उभे राहून अडचणीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली. ही बाई आधी स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली. पक्षी पाहायला शिकली ती शहराच्या मधोमध असलेल्या सेंट्रल पार्कात. सभासदांची यादी मिळावी म्हणून ती न्यायालयात गेली आणि जिंकली. १९३४ मध्ये अध्यक्ष पिअर्सन यांना पायउतार व्हावे लागले, आणि सापळेही पुढे बंद झाले. त्याच वर्षी तिने पेन्सिल्वेनियातील, ससाण्यांच्या शिकारीबद्दल कुप्रसिद्ध असलेला एक डोंगर भाड्याने घेतला. त्यासाठी ५०० डॉलर लागले, आणि तेही उसने घेतलेले! तोच आजचा हॉक माउंटन.

या साऱ्या भांडणाच्या बाजूने, पैशाशी संबंध नसलेला एक खेळ वाढत होता. मे महिन्यात, पहाटेच्या अंधारापासून रात्रीपर्यंत, एका दिवसात किती जाती नोंदता येतात हे पाहायचे. न्यू जर्सीत चार्ल्स अर्नर याने १९३० च्या आसपास हा ‘मोठा दिवस’ नामांकित केला. मे का, हे आपल्याला सांगायला हवे, कारण आपला वसंत उलटा आहे. पळस-पांगारा फुलला की गुलाबी मैनांचे थवे त्यावर तुटून पडतात, आणि हिवाळी पाहुणे उत्तरेकडे जाऊ लागतात. आपला वसंत निरोपाचा. तिकडचा वसंत आगमनाचा. दक्षिणेत हिवाळा काढलेले वार्बलर, एकेक जेमतेम तोळाभर वजनाचा, रात्रीमागून रात्री उडत उत्तरेकडे येतात. झाडांना पुरती पालवी फुटलेली नसते, नर गात असतात. राहायला आलेले आणि वाटसरू दोघेही त्या दोन-तीन आठवड्यांत एकाच रानात भेटतात.

या खेळाला झोळी जोडली ती कॅनडातील लाँग पॉइंटच्या पक्षिनिरीक्षण केंद्राने. लाँग पॉइंट म्हणजे ईरी सरोवरात सुमारे चाळीस किलोमीटर शिरलेली वाळूची जीभ. थकलेले पक्षी तेथे उतरतात. जेम्स बेली हे टोरांटोच्या संग्रहालयातील पक्षिज्ञ १९७० मध्ये वारले. वर्तमानपत्रात वर्षानुवर्षे पक्ष्यांवर सदर लिहून त्यांनी सामान्य लोकांना या छंदाची गोडी लावली होती. त्यांच्या नावे १९७६ साली अशी गणना सुरू झाली की निरीक्षकाने आधी ओळखीच्यांकडून जातीमागे अमुक सेंट असा शब्द घ्यायचा, मेमधला एक दिवस पक्षी मोजायचे, आणि यादी दाखवून पैसे मागायचे. जमलेल्या पैशातला काही वाटा निरीक्षकाच्या गावच्या मंडळाकडे परत जाण्याची सोयही पुढे झाली. यातली खुबी अशी की देणारे हजार असतात आणि प्रत्येकाचे देणे लहान असते. एक रुसला तरी गणना थांबत नाही, आणि संस्थेला कोणाचे तोंड पाहून बोलावे लागत नाही.

आपल्या मुंबईच्या निसर्गेतिहास मंडळालाही ही विवंचना चुकली नाही. १८८३ मध्ये ज्या आठ जणांनी ते स्थापले त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. स्वातंत्र्यानंतर मंडळ ओढगस्तीला आले तेव्हा सलीम अलींना पंडित नेहरूंकडे शब्द टाकावा लागला. पुढे त्यांना मिळालेल्या गेटी पारितोषिकाच्या रकमेतून निसर्गरक्षणाचा निधी उभा राहिला. एका मोठ्या माणसाच्या पुण्याईवर संस्था तरते, पण अशी माणसे दर पिढीला मिळतातच असे नाही.

१९८४ च्या मे महिन्यात न्यू जर्सीत या गणनेची जाहीर शर्यत झाली. मध्यरात्र ते मध्यरात्र, सबंध राज्य हे मैदान, आणि प्रत्येक गटाने आपल्या पसंतीच्या कार्यासाठी पैसे जमवायचे. पहिल्या वर्षी जिंकलेल्या गटाने २०१ जाती नोंदल्या. त्यात पीट डन, पुढे चित्रकार म्हणून गाजलेला डेव्हिड सिब्ली, आणि पंचाहत्तरीचे रॉजर टोरी पीटरसन होते. घरोघर पोहोचलेले १९३४ चे पक्षी ओळखण्याचे पुस्तक लिहिणारे ते हेच.

शर्यतीवर आक्षेप आहेत, आणि ते पोकळ नाहीत. दिवसभर मोटारी धावतात. पक्षी नोंदला की त्याच्याकडे पुन्हा पाहायला कोणाला सवड नसते. आणि जातीमागे पैसा म्हटल्यावर ऐकल्यासारखे वाटले तेही लिहून टाकण्याचा मोह होतो. बाजूला साक्षीदार नसतो, शब्दावरच भिस्त. तरीही, बंदुकीच्या कारखान्याचा पैसा आणि सापळ्यातल्या कातड्याचा पैसा पाहून झाल्यावर, मी या झोळीच्या बाजूने उभा राहीन.

याच राज्याच्या कडेला डेलावेअरचा उपसागर आहे. मेमध्ये नालेच्या आकाराचे प्राचीन खेकडे तेथे वाळूत अंडी घालतात, आणि दक्षिण अमेरिकेच्या टोकाकडून ध्रुवप्रदेशाकडे निघालेला तांबडा नॉट ती खाऊन वजन जवळजवळ दुप्पट करतो. १९९० नंतर आमिषासाठी खेकड्यांची बेसुमार पकड झाली आणि नॉट झपाट्याने घटले. हे ध्यानात आले ते वर्षानुवर्षे किनाऱ्यावर बसून मोजणाऱ्यांमुळे. न्यू जर्सीने २००८ मध्ये ती पकड कायद्याने बंद केली. २०१४ मध्ये नॉट संकटग्रस्तांच्या यादीत गेला. शर्यतीचे गट मेमध्ये याच किनाऱ्यावर येतात, कारण यादीतला नॉट त्यांना येथेच गाठावा लागतो.