मर्ज आधी, नुस्खा नंतर

संगणक रांगायला लागला की आपण पहिला दोष विंडोजला देतो. ‘जुनी झाली, नवी टाका.’ हा नुस्खा मी एकदा वापरला आणि त्याची किंमत मोजली.

माझ्या पिढीतल्या बऱ्याच उर्दू शिक्षकांना संगणकाकडे ओढले ते इनपेजने. मिर्झा अहमद जमील यांनी हजारो अक्षरजोड हाताने लिहिले आणि १९८१ मध्ये त्यातून छपाईची नूरी नस्तालीक उभी राहिली. १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेले इनपेज आले आणि ते नस्तालीक साध्या संगणकावर उतरले. त्याआधी उर्दू प्रश्नपत्रिका म्हणजे कातिब, नाहीतर स्वतःचा हात.

दरम्यान विंडोजची भूक वाढत गेली. २००१ च्या एक्सपीला किमान ६४ एमबी रॅम पुरे होती. २००९ च्या विंडोज ७ ला किमान १ जीबी लागली, २०२१ च्या विंडोज ११ ला ४ जीबी. वीस वर्षांत चौसष्टपट! म्हणजे हळू झालेल्या जुन्या यंत्रावर नवी विंडोज टाकणे हा बहुतेकदा इलाज नसतो, वाढीव ओझे असते.

८ एप्रिल २०१४ रोजी एक्सपीचे अपडेट थांबले. शाळेतला संगणक आधीच रखडत होता. काहीही न तपासता मी विंडोज ७ टाकायला बसलो. अर्ध्यातच हार्ड डिस्क बसली. तिची टकटक मी महिनाभर ऐकत होतो आणि पंख्याचा आवाज समजत होतो. सहा वर्षांच्या प्रश्नपत्रिका गेल्या. एका निवृत्त उस्तादांच्या गझला मी टाइप केल्या होत्या, त्याही गेल्या. दुसरी प्रत नव्हती. ‘जाने दो बेटा,’ एवढेच ते म्हणाले. पुन्हा मात्र त्यांनी मला एकही कागद दिला नाही.

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची पाळी आली. घरचा संगणक सुरू व्हायला आठ मिनिटे घेत होता. या वेळी सगळ्या फाइली आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवल्या आणि उघडून पाहिल्या. मग कंट्रोल, शिफ्ट, एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला. प्रोसेसर जवळजवळ रिकामा, मेमरी शिल्लक, डिस्क मात्र शंभर टक्के. स्टार्टअपमधले नको ते प्रोग्राम बंद केले, अँटिव्हायरसची तपासणी केली. डिस्क जिथल्या तिथे.

दुरुस्तीचे दुकान चालवणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याने डिस्कची प्रकृती तपासली. म्हणाला, ‘‘सर, खराब सेक्टर वाढतायत. हिच्यावर नवी विंडोज टाकायला गेला असता, तर ही मध्येच गेली असती.’’

एसएसडी बसवून विंडोज १० च पुन्हा टाकली. आता अर्ध्या मिनिटात सुरू होते.

म्हणून जुनीच विंडोज कायम चालवावी असे नाही. सुरक्षेचे अपडेट थांबणे हे बदलाचे खरे कारण आहे, आणि त्याचा निर्णय मला घ्यावाच लागेल. पण तो वेगळा प्रश्न. संगणक हळू का चालतो, याचे उत्तर त्यात नव्हते.

उस्ताद आता हयात नाहीत. त्यांच्या गझला कुणाच्या जुन्या वहीत असतील तर माझ्यापर्यंत पोहोचवा. या वेळी दोन प्रती ठेवीन.