थाळनेरचा पाचवा दरवाजा

शिरपूर तालुक्यातल्या थाळनेरला या, तापीच्या काठावर उभे राहा आणि साडेसहाशे वर्षं मागे चला.

साल 1370. फिरोजशहा तुघलकाने थाळनेर आणि करवंदचा मुलूख मलिक राजा फारुकीला नुकताच बहाल केलाय. शिकारीत वाट चुकलेल्या, भुकेल्या बादशहाला या शिलेदाराने आपल्या शिदोरीतलं खाऊ घातलं, असं फिरिश्ता लिहितो. बारा वर्षांत मलिक राजा दिल्लीला जुमानेनासा होतो. खानदेशचं स्वतंत्र राज्य सुरू होतं ते इथे, या काठावर.

1399 मध्ये मलिक राजा जातो. लळिंग थोरल्या नासीरकडे, थाळनेर धाकट्या इफ्तिखारकडे. भावाभावांत वाटणी झाली की तंटा आलाच. 1417 मध्ये माळव्याची फौज सोबत घेऊन नासीर थाळनेर जिंकतो तेव्हा तुम्ही तटावर आहात. मात्र त्याचं मन बुऱ्हाणपुरात रमलंय आणि दरबारही तिकडे सरकतो. थाळनेरला राहतात त्या घराण्याच्या दगडी कबरी.

आणखी सव्वादोनशे वर्षं ओलांडा. फारुकी संपलेत, मोगल आलेत. सुरत-बुऱ्हाणपूर रस्त्यावर बैलांचे तांडे धूळ उडवत चाललेत. तावेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या याच वाटेने जातो आणि नंदुरबारपुढच्या मुक्कामांत थाळनेर, चोपडा ही नावं टिपून ठेवतो.

आता थांबा. 27 फेब्रुवारी 1818 ची सकाळ आहे.

किल्ला होळकरांचा. महिदपूरच्या पराभवानंतर, 6 जानेवारीला मंदसौरच्या तहात, खानदेश इंग्रजांना देऊन टाकलाय. पण किल्लेदार तुळशीराम मामा अजून आत आहे. सर थॉमस हिस्लॉपची फौज समोर येते. ताबा दे, नाहीतर बंडखोर ठरशील, असा निरोप जातो. जबाब तोफांनी मिळतो.

तुम्ही फौजेबरोबर आहात. किल्ल्याची एक बाजू तापीतून सरळ वर चढलेली, उरलेल्या तिन्ही बाजूंना खोलगट घळ, तट सुमारे 60 फूट. वाट एकच, पूर्वेची, आणि तिच्यावर एकामागून एक पाच दरवाजे. तोफांच्या माऱ्याने बाहेरचा दरवाजा खिळखिळा होतो. तिसऱ्या दरवाजापाशी तुळशीराम मामा स्वतः बाहेर येऊन इंग्रजांच्या हवाली होतो. चौथा दरवाजाही मागे पडतो.

पाचव्याची दिंडी उघडते. जेमतेम एक माणूस वाकून आत जाईल एवढीच ती. रॉयल स्कॉट्सचा मेजर गॉर्डन, कॅप्टन मॅकग्रेगर आणि काही शिपाई आत शिरतात. आतल्या शिबंदीशी बोलणं सुरू होतं, पण यांची भाषा त्यांना कळत नाही, त्यांची यांना. आवाज चढतात, तलवारी बाहेर येतात आणि दोन्ही अधिकारी तिथेच मारले जातात. मागचे सैनिक दिंडी अडवून धरतात, फौज आत घुसते आणि सुमारे तीनशे माणसांची शिबंदी कापली जाते. त्याच दिवशी तुळशीराम मामाला फाशी दिली जाते.

आतल्या चकमकीचा हुकूम त्याने दिला होता, हे कोणी सिद्ध केलं नाही. तो तर आधीच ताब्यात होता. पुढच्या वर्षी हा प्रश्न ब्रिटिश पार्लमेंटपर्यंत गेला. फौजेचे आभार मानताना, किल्लेदाराच्या फाशीला ही संमती समजू नये, असं सभागृहाला वेगळं नमूद करावं लागलं.

आजच्या थाळनेरला परत या. तटाचे थोडेच अवशेष उरलेत. फारुकींच्या कबरी आहेत, त्यातल्या अष्टकोनी कबरीचं कोरीव काम जवळ जाऊन पाहावं असं आहे. लता मंगेशकरांचं आजोळ म्हणून गावाचं नाव पुष्कळांना ठाऊक असतं. त्या ओळखीचा अभिमान आहेच. पण खानदेशचं राज्य जिथे उभं राहिलं आणि शरण आलेल्या किल्लेदाराला जिथे फासावर चढवलं, तेही हेच गाव.

तुळशीराम मामावर झाला तो अन्याय होता, आणि तो अन्याय म्हणूनच आपल्या मुलांना सांगितला पाहिजे. शिरपूर-चोपड्याकडे जाणं झालं, तर थाळनेरसाठी अर्धा दिवस राखून ठेवा.